करबचतीची गणिते बदलली, जुन्या सवयी मात्र कायम

नवी दिल्ली, १२ जानेवारी : जानेवारी उजाडला की देशभरातील कार्यालयांत गुंतवणुकीचे पुरावे सादर करण्याच्या सूचना फिरू लागतात. विमा हप्त्यांच्या पावत्या, भाडेकरार, गृहकर्जाच्या व्याजाचे प्रमाणपत्र यांची शोधाशोध सुरू होते आणि त्याच सुमारास विमा प्रतिनिधींचे दूरध्वनीही येऊ लागतात. ‘३१ मार्चपूर्वी गुंतवा आणि कर वाचवा’ हे आवाहन नोकरदारांच्या दोन पिढ्यांनी ऐकले आहे. २०२५-२६ या चालू आर्थिक वर्षात मात्र बहुसंख्य करदात्यांसाठी त्यात तथ्य उरलेले नाही. नव्या करप्रणालीतील पगारदाराने मार्चअखेर दीड लाख रुपयांची विमा पॉलिसी घेतली, तरी त्याचा प्राप्तिकर एका रुपयानेही कमी होत नाही.

करप्रणाली बदलली, पण करबचतीच्या सवयी जुन्याच राहिल्या. त्यामुळे दोन प्रकारचे नुकसान संभवते. एकीकडे न मिळणाऱ्या सवलतीसाठी पैसे पंधरा-वीस वर्षे अडकून पडतात, तर दुसरीकडे कायद्याने खरोखर दिलेल्या सवलती माहितीअभावी वापराविना राहतात. कायदेशीर मार्गाने कर कमी करण्याची संधी आजही आहे. मात्र ती आता मुख्यतः करप्रणालीची निवड, वेतनाची रचना आणि उत्पन्नाचे स्वरूप या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

दोन प्रणाली, दोन तत्त्वे

जुन्या प्रणालीचे तत्त्व सरळ होते. कराचे दर चढे, पण सरकारला इष्ट वाटणाऱ्या कामांत पैसा गुंतवला तर वजावट. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, घर, निवृत्तीची तरतूद यांना त्यामुळे बळ मिळाले. यातील सर्वांत परिचित असलेल्या कलम ८०सी ची मर्यादा २०१४ मध्ये एक लाखावरून दीड लाख रुपये झाली आणि त्यानंतर ती वाढलेली नाही. एवढ्या वर्षांच्या महागाईने या वजावटीचे खरे मोल आपोआप घटवले.

२०२० च्या अर्थसंकल्पाने दुसरी वाट खुली केली. दर कमी, पण बहुतेक वजावटी रद्द. २०२३-२४ पासून ही नवी प्रणाली मूलभूत पर्याय ठरली. म्हणजे करदात्याने वेगळी निवड केली नाही, तर तिचेच नियम लागू होतात. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ साठी ३१ जुलै २०२४ पर्यंत दाखल झालेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ५ कोटी २७ लाख, म्हणजे सुमारे ७२ टक्के, नव्या प्रणालीनुसार होती.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने हे पारडे आणखी झुकवले. नव्या प्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. त्यापुढे प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर ५, १०, १५, २० आणि २५ टक्के असा चढता दर असून २४ लाखांवरील उत्पन्नावर ३० टक्के कर आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७ए खालील ६० हजार रुपयांपर्यंतच्या सुटीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना आणि निवृत्तिवेतनधारकांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने त्यांच्यासाठी ही सीमा १२ लाख ७५ हजार रुपये आहे. ती किंचित ओलांडणाऱ्यालाही एकदम मोठा भार सोसावा लागत नाही. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल, तर उपकर सोडून कर १० हजारांहून अधिक होत नाही. हा सीमांत दिलासा सुमारे १२ लाख ७० हजारांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत मिळतो.

निर्णायक घटक घरभाडे

१२ लाख ७५ हजारांहून अधिक पगार असणाऱ्यांपुढे खरा प्रश्न असतो, कोणती प्रणाली निवडावी हा. त्याचे उत्तर आकडेमोडीतूनच मिळते. वार्षिक १६ लाख रुपये पगार असलेल्या कर्मचाऱ्याला नव्या प्रणालीत ४ टक्के उपकरासह १ लाख १३ हजार १०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत एवढाच कर येण्यासाठी ५० हजारांच्या प्रमाणित वजावटीखेरीज आणखी ५ लाख ६८ हजार ७५० रुपयांच्या वजावटी दाखवाव्या लागतात. पगार २४ लाख असेल तर ही रक्कम ७ लाख ८७ हजार ५०० होते आणि २४ लाख ७५ हजारांच्या पुढे ती ८ लाखांवर स्थिरावते. यापेक्षा वजावटी कमी असतील तर नवी प्रणाली लाभाची ठरते, अधिक असतील तर जुनी.

या वजावटी जमतात कशा, हे पाहणे उद्बोधक आहे. कलम ८०सी चे दीड लाख, एनपीएसमधील स्वतःच्या अतिरिक्त गुंतवणुकीचे ५० हजार, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाचे २ लाख यांची बेरीज ४ लाख २५ हजार होते. ज्येष्ठ नागरिक असलेल्या आईवडिलांच्या आरोग्य विम्याचे ५० हजार मिळवले, तरी ती पावणेपाच लाखांवर थांबते. अर्थात १६ लाख पगाराच्या कर्मचाऱ्याने सर्व परिचित मार्ग पुरेपूर वापरले, तरी जुनी प्रणाली त्याला परवडत नाही. तिचे गणित जुळते ते घरभाडे भत्त्यावरील सवलत मोठी असेल तरच.

ही सवलत तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी मिळते. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, मूळ वेतनाचा ठरावीक हिस्सा आणि भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम, या त्या तीन रकमा. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत मूळ वेतनाचा हिस्सा ५० टक्के, तर अन्यत्र ४० टक्के धरला जातो. भाड्याच्या बाबतीत महानगरांशी स्पर्धा करणारी पुणे, बंगळूरु आणि हैदराबाद ही शहरे चालू वर्षाच्या नियमांत ४० टक्क्यांच्याच गटात मोडतात.

एक उदाहरण घेता येईल. मुंबईतील १६ लाख पगाराच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन ८ लाख, भत्ता ४ लाख आणि भाडे दरमहा ३५ हजार रुपये आहे. त्याला ३ लाख ४० हजारांची सवलत मिळेल. पुण्यात त्याच पगारावर आणि त्याच भाड्यात ही सवलत ३ लाख २० हजारांवर अडते. मुंबईच्या कर्मचाऱ्याने कलम ८०सी, एनपीएस, स्वतःचा आणि आईवडिलांचा आरोग्य विमा या सर्व वजावटी पूर्ण घेतल्या, तर जुन्या प्रणालीत त्याचा कर १ लाख ३ हजार ४८० रुपये होतो. नव्या प्रणालीच्या तुलनेत बचत होते ९ हजार ६२० रुपयांची. त्यासाठी दोन लाख रुपये दीर्घकाळ अडकवणे आणि पाऊण लाखाचे आरोग्य विम्याचे हप्ते भरणे आवश्यक ठरते. हे खर्च आणि ही गुंतवणूक कुटुंबाला एरवीही करायची असेल, तर निवड योग्य आहे. केवळ करासाठी करायची असेल, तर व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

जुन्या प्रणालीचा ठळक लाभ आज मुख्यतः एका वर्गाला होतो. नोकरीच्या शहरात मोठे भाडे भरणारे आणि त्याच वेळी दुसऱ्या गावी वा शहरात घेतलेल्या घराचे कर्ज फेडणारे हे करदाते आहेत. दोन्ही खर्च खरे असतील, तर दोन्ही सवलती एकत्र घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. पतिपत्नी दोघे कमावते असतील आणि घर व कर्ज संयुक्त नावावर असेल, तर प्रत्येकाला आपापल्या हिश्श्याच्या व्याजावर २ लाखांपर्यंत स्वतंत्र वजावट मिळते. प्रणालीची निवडही व्यक्तिगणिक असते. एकाने जुनी आणि दुसऱ्याने नवी निवडली, तर त्यात काही गैर नाही.

वेतनाच्या रचनेत दडलेली सवलत

नव्या प्रणालीत काहीच वाचवता येत नाही, हा समजही अपुरा आहे. तिच्यात टिकून असलेली सर्वांत मोलाची वजावट म्हणजे नियोक्त्याने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत ती करपात्र उत्पन्नातून वजा होते. खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना नव्या प्रणालीत ही १४ टक्क्यांची मर्यादा जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दिली. जुन्या प्रणालीत त्यांच्यासाठी ती १० टक्केच आहे.

वरील उदाहरणातील कर्मचाऱ्याने नवी प्रणाली ठेवली आणि १६ लाखांच्याच वेतनातील १ लाख १२ हजार रुपये नियोक्त्यामार्फत एनपीएसमध्ये वळवून घेतले, तर त्याचा कर १७ हजार ४७२ रुपयांनी घटतो. प्रणाली बदलून झालेल्या ९ हजार ६२० रुपयांच्या बचतीहून ही रक्कम मोठी आहे. मूळ वेतन एकूण वेतनाच्या निम्मे असेल, तर या एका तरतुदीमुळे १३ लाख ७० हजार रुपये वेतन असलेल्या कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत येते आणि कर शून्य होतो.

या सवलतीला दोन अटी आहेत. ती नियोक्त्याच्या योगदानासाठी असल्याने कर्मचाऱ्याने मार्चमध्ये स्वतः पैसे भरून ती मिळत नाही; वेतनाची रचना शक्यतो एप्रिलमध्येच तशी करून घ्यावी लागते. दुसरे म्हणजे हा पैसा मुख्यतः निवृत्तीपर्यंत बांधलेला राहतो. भविष्य निर्वाह निधी, एनपीएस आणि अन्य निवृत्ती निधीतील नियोक्त्याच्या एकत्रित योगदानावर वर्षाला साडेसात लाखांची करमुक्त मर्यादाही आहे. पगारदारांनी सर्वाधिक दुर्लक्षित केलेली ही तरतूद मनुष्यबळ विभागाला विचारलेल्या एका प्रश्नाने मार्गी लागू शकते.

व्यावसायिकांचे निराळे गणित

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, सनदी लेखापाल, तांत्रिक सल्लागार आदी व्यावसायिकांना कलम ४४एडीए खाली अनुमानित उत्पन्नाचा मार्ग उपलब्ध आहे. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. अशा व्यावसायिकाने २४ लाखांच्या जमेवर १२ लाख उत्पन्न दाखवले आणि त्याला अन्य उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत त्याला प्राप्तिकर लागत नाही. तेवढ्याच पगारावर कर्मचाऱ्याला उपकरासह २ लाख ९२ हजार ५०० रुपये भरावे लागतात. व्यावसायिकाला कार्यालय, साहित्य आणि मदतनीस यांचा खर्च स्वतः करावा लागतो, हे खरे. तरीही करभार आपल्यावरच अधिक पडतो ही पगारदारांची भावना कुठून येते, याचे उत्तर या दोन आकड्यांत सापडते.

व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना प्रणाली बदलण्याची मोकळीक मात्र कमी आहे. नव्या प्रणालीतून बाहेर पडण्यासाठी त्यांना विहित नमुना भरावा लागतो आणि एकदा परत आल्यावर व्यवसाय सुरू असेपर्यंत पुन्हा जुन्या प्रणालीकडे वळता येत नाही. पगारदार दरवर्षी नव्याने निवड करू शकतो. नियोक्त्याला कळवलेला पर्याय विवरणपत्र भरताना बदलताही येतो. अट एवढीच की जुनी प्रणाली हवी असल्यास विवरणपत्र मुदतीत दाखल झाले पाहिजे. मुदत चुकली की निवड संपली.

१२ लाखांची सीमा सर्व उत्पन्नांना नाही

समभाग आणि समभागाधारित म्युच्युअल फंडांत गुंतवणूक करणाऱ्यांनी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कलम ८७ए ची सूट विशेष दराने करपात्र असलेल्या भांडवली नफ्याला लागू नाही. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असले, तरी समभागांवरील अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर लागू शकतो. दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के दर असून त्यातील वर्षाला पहिले सव्वा लाख रुपये करमुक्त आहेत. ही मर्यादा दोन्ही प्रणालींत मिळते, पण न वापरल्यास पुढील वर्षी नेता येत नाही. त्यामुळे अनेक गुंतवणूकदार मार्चपूर्वी सव्वा लाखापर्यंतचा नफा वसूल करून रक्कम पुन्हा गुंतवतात. भांडवली तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो. त्यासाठीही वेळेत विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे.

नियोजन आणि चुकवेगिरी

कर कमी करणे आणि कर चुकवणे यांतील सीमा सर्वोच्च न्यायालयाने मॅकडॉवेल खटल्याच्या १९८५ च्या निकालात विशद केली. कायद्याच्या चौकटीतील नियोजन वैध, मात्र देखावे उभारून केलेली व्यवस्था नियोजनात मोडत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. दैनंदिन व्यवहारात ही सीमा अनेकदा भाडेपावतीवर तपासली जाते. आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडे देणे वैध आहे. त्यासाठी घर त्यांच्या मालकीचे असावे, भाडे प्रत्यक्ष दिलेले असावे आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवावे. न दिलेल्या भाड्याची पावती हा मात्र खोटा पुरावा ठरतो. पत्नीच्या नावे ठेव ठेवून तिच्यावरील व्याज वेगळे दाखवण्याचाही उपयोग होत नाही. कायदा ते व्याज पतीच्या उत्पन्नातच मिळवतो.

अशी लपवाछपवी आता पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. बनावट वजावटींच्या संदर्भात प्राप्तिकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या वेळी जाहीर केले होते. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे निष्पन्न झाल्यास त्यावरील कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. परतावा मिळवून देतो असे सांगून टक्केवारीने शुल्क घेणारे मध्यस्थ या दंडाचे वाटेकरी होत नाहीत. नोटीस करदात्याच्याच नावे येते.

बचत आता ज्याची त्याची

१ एप्रिलपासून प्राप्तिकर कायदा, २०२५ अमलात येईल आणि १९६१ चा कायदा निरोप घेईल. कलमांचे क्रमांक बदलतील, ‘करनिर्धारण वर्षा’ची जागा ‘करवर्ष’ घेईल. दोन प्रणालींची चौकट मात्र नव्या कायद्यातही कायम आहे. चालू वर्षाची विवरणपत्रे जुन्याच कायद्यानुसार भरली जाणार असल्याने यंदाच्या हिशेबावर या बदलाचा परिणाम नाही.

दूरगामी प्रश्न निराळा आहे. कराच्या धाकाने का होईना, मध्यमवर्गीय घरांत दरवर्षी काही रक्कम बाजूला पडत असे. मुलीच्या शिक्षणाला, आजारपणाला, निवृत्तीला तीच कामी येई. नव्या प्रणालीने हा धाक काढून घेतला. त्यामुळे न पटणारी पॉलिसी घेण्याची सक्ती संपली, हा तिचा गुण. पण २०२३ नंतर नोकरीला लागलेल्या तरुणांपैकी अनेकांना बचतीचे कोणतेही बाह्य कारण उरलेले नाही. भविष्य निर्वाह निधीचे कवच नसलेल्यांसाठी ही उणीव अधिक गंभीर आहे.

१२ लाख उत्पन्न असलेल्या करदात्याचे गेल्या अर्थसंकल्पातील बदलांमुळे वर्षाला ८० हजार रुपये वाचतात, म्हणजे दरमहा साडेसहा हजारांहून अधिक. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवरील व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे आणि वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. वजावट नसली, तरी या साधनांची गरज संपलेली नाही. सरकारने सोडलेला हा पैसा खर्चात विरघळतो की शिलकीत राहतो, हे यापुढे करकायदा ठरवणार नाही. तो निर्णय प्रत्येक घराला स्वतः घ्यावा लागेल, आणि तो घेण्यासाठी मार्चची वाट पाहण्याचे कारण नाही.